किनाऱ्यावरच्या वकील मंडळींस : आम्हाला पगारावर ठेवा

प्रति,
मंडणगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत तालुक्याच्या कोर्टांत वकिली करणारे सर्व ज्येष्ठ-कनिष्ठ वकील

स.न.वि.वि.

मी दापोली तालुक्यातली. वय 45. तेरा वर्षं एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजच्या बचतीचे पैसे, घरोघर फिरून गोळा केली आणि गेली तीन वर्षं एका दिवाणी वकिलांच्या ऑफिसात काम करते. माझ्या कामाला नेमकं काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही. शहरात पॅरालीगल म्हणतात. आमचे साहेब ‘विधी सहायक’ लिहितात, आणि पक्षकार ‘वकिलांकडची ताई’ म्हणून फोन करतात. मला तिन्ही नावं चालतात. हे काम मला आवडतं, आणि ते आणखी पुष्कळ जणींना करता यावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना ती डोळ्यासमोर राहील. ज्यांच्याकडे जमिनीचे, वाटपाचे, वारसाचे दावे नेहमी येतात अशा प्रत्येक ऑफिसाने एक माणूस कागद समजून घेण्यासाठी आणि समजावून सांगण्यासाठी ठेवावं. ते माणूस गावातलं असावं, दुसरं काही काम करून आलेलं असावं, आणि त्याला महिन्याचा पगार असावा.

हे मी कुठून बोलते ते सांगायला मला 2020 सालात जावं लागेल.

पिग्मीवाली घरोघर जाते, म्हणजे नुसती पैसे घ्यायला जाते असं नव्हे. माझा रोजचा फेरा हर्णै, पाजपंढरी, मुरूड, अंजर्ले असा. संध्याकाळी हर्णैच्या पुळणीवर लिलाव संपत आला की बायका टोपलीला टेकून पन्नास-शंभर रुपये हातात ठेवायच्या, मी मशीनवर पावती काढून द्यायची, आणि निघताना कोणी ना कोणी म्हणायचंच, “बाय, जरा ह्ये वाच गो.” मग पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यातून नाहीतर खुंटीवरच्या प्लास्टिकच्या पिशवीतून कागद निघायचा. बँकेची नोटीस, वीज मंडळाचं पत्र, ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा, मुंबईच्या दिराने पाठवलेला कसला तरी टाईप केलेला मजकूर. मी बी.कॉम. झालेली, वाचून सांगायचे. कायद्याचं मला तेव्हा काहीही कळत नव्हतं. पण मला कळत नाही हे समोरच्याला कळत नव्हतं, कारण त्यांच्या दृष्टीने ज्याला वाचता येतं त्याला कळतंच.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. ते दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि खाडीच्या अलीकडे दापोली-मंडणगडही झोडपून गेलं, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातल्या कित्येकांची कौलं त्या दिवशी उडाली असतील. अंजर्ल्याच्या पलीकडे एका गावात काकी राहतात. सगळं गाव त्यांना काकीच म्हणतं, मीही तेच लिहिते. नवरा वारल्यावर त्या माहेरी परत आल्या आणि वडिलांच्या अकरा गुंठ्यांच्या वाडीत सुपारी-नारळ सांभाळत राहिल्या. वादळाच्या दुसऱ्या दिवशी वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. सुपारी एकावर एक अशी आडवी पडलेली, आणि मधे काकी कोयता घेऊन उभ्या, सुरुवात कुठून करायची ते कळत नसलेल्या.

सरकारने फळबागांना हेक्टरी 50,000 रुपये जाहीर केले. अकरा गुंठे म्हणजे सातबारावर 0.11 हेक्टर. अख्ख्या वाडीचे झाले साडेपाच हजार. पुन्हा लावलेली सुपारी फळायला सहा-सात वर्षं. त्यात त्या सातबारावर 23 नावं. अर्धी परळ-लालबागला, चार नालासोपाऱ्याला, दोन कुठे आहेत ते कोणालाच माहीत नाही. पैसे एकाच्या खात्यात यायचे तर बाकीच्यांची संमती हवी. त्या पावसाळ्यात आमच्याकडे गावंच्या गावं संमतीपत्रांवर सह्या करत होती. वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती. कागद कोणी आणला, कशाचा आहे, हे न बघता माणसं सही करून मोकळी होत होती, कारण सगळे कागद वादळाचेच होते.

सगळे नव्हते. काकींच्या पुतण्याने आणलेल्या कागदांत एक हक्कसोडीचा, म्हणजे वाडीतला आपला हिस्सा सोडून दिल्याचा, होता.

ऑक्टोबरात भात कापणी चालू असताना मी काकींकडे गेले. पडवीत बसले. त्यांनी चार घड्या घातलेला, दमट झालेला एक कागद पुढे केला. फेरफाराची, म्हणजे सातबारावरची नावं बदलण्याची, नोटीस होती. वर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 150 (2) असं छापलेलं, खाली पेनाने फेरफार क्रमांक, आणि मग दोन ओळींत लिहिलेलं, की अमुक गटातून आपले नाव कमी करण्याची नोंद घेतली आहे, हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. मी वरच्या ओळी वाचल्या. मशीनची बॅटरी संपत आली होती आणि पुढे सात घरं बाकी होती. मी म्हटलं, “नुकसानभरपाईचंच दिसतंय काकी. ठेवून द्या.”

त्यांनी ठेवून दिला. डब्यात, इतर कागदांच्या वर.

तुम्ही वकील आहात. पुढचं काय झालं ते तुम्ही माझ्याआधी ओळखलं असेल. पंधरा दिवस गेले, हरकत आली नाही, नोंद प्रमाणित झाली. पुढच्या वर्षी गणपतीत पुतण्याने वाडीतल्या नारळाचा हिशोब द्यायचं बंद केलं आणि नवा सातबारा दाखवला. त्यावर 22 नावं होती. ते हक्कसोडपत्र नोंदवलेलं नव्हतंच. तेव्हा एका साध्या कागदावर पाच ओळींची हरकत दिली असती, की सही मी नुकसानभरपाईसाठी केली, हक्क सोडलेला नाही, दस्त नोंदणीकृत नाही, तर नोंद तिथेच थांबली असती. त्याऐवजी प्रांतांकडे अपील, त्याआधी विलंब माफीचा अर्ज, दापोलीच्या खेपा, नकला. नाव परत लागलं 2024 च्या मे महिन्यात. वादळात वाचलेल्या तीस-बत्तीस झाडांची सुपारी त्या तीन वर्षांत दुसऱ्याने उतरवली.

काकी मला कधी एक शब्द बोलल्या नाहीत. दोष पुतण्याचा आहे, आणि तो कागद तसाच नोंदीला घेणाऱ्या कचेरीचाही आहे. पण त्या पडवीत कागद माझ्या हातात होता. मी तो शेवटपर्यंत वाचला नाही, आणि वाचला असता तरी ‘कलम 150’ म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून कागद डब्यात टाकला. हे माझ्या मनातून गेलेलं नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

त्याच पावसाळ्यात, 11 ऑगस्ट 2020 ला, सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा खटल्यात सांगितलं की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्माने आहे. 2005 च्या दुरुस्तीच्या दिवशी, म्हणजे 9 सप्टेंबरला, वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही. दिल्लीत हा निकाल होत होता आणि आमच्याकडे अंजर्ल्याच्या पलीकडे एका मुलीचं नाव उताऱ्यावरून उतरायच्या तयारीत होतं. मधे निरोप पोचवणारं कोणी नव्हतं.

दुसरी गोष्ट मला आणखी दोन वर्षांनी कळली. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा. त्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. नैसर्गिक आपत्तीत सापडलेल्यालाही मिळतो, तिथेही उत्पन्नाची अट नाही. म्हणजे काकींना वकील मोफत मिळण्याची एक सोडून दोन कारणं होती. वादळानंतरच्या त्या चार महिन्यांत मी शेकडो घरांत गेले. प्रत्येक घर त्या कलमात बसत होतं. एकाही घरात कोणाला हे माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

2022 मध्ये विधी सेवा समितीने स्वयंसेवकांसाठी अर्ज मागवल्याचं मी नोटीस बोर्डावर वाचलं आणि अर्ज केला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची ही योजना 2009 पासून आहे. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बायका, विद्यार्थी, अगदी चांगली वर्तणूक असलेला शिकलेला कैदीसुद्धा त्यात येऊ शकतो. आमच्या तुकडीत दोन निवृत्त मुख्याध्यापक होते, एक आशाताई, एक दुकानदार आणि मी. प्रशिक्षणात घटनेपासून पोटगीपर्यंत, एफआयआरपासून लोकअदालतीपर्यंत सगळं भराभर सांगितलं. मी तीन वह्या भरल्या. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते, हे ऐकून शेजारचे गुरुजी मला हळूच म्हणाले, “हे माहीत असतं तर मी भावाशी नऊ वर्षं भांडलो नसतो.”

त्या योजनेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. ओळखपत्र गळ्यात घालून पहिल्यांदा पाजपंढरीत गेले तेव्हा ज्या बायका मला पिग्मीचे पैसे द्यायच्या त्यांनीच बसायला पाट दिला, आणि एकीने जे विचारलं ते पिग्मीवालीला कधी विचारलं नसतं. तिचा नवरा खलाशी. तीन वर्षांपूर्वी बोटीवरून गेला, बोट उलटली, चार जण पोहत आले, तो आला नाही. प्रेत मिळालं नाही. कोणीतरी तिला सांगितलं होतं की सात वर्षं काही करता येत नाही, गप्प बस. सात वर्षांचा नियम ज्याची काहीच खबर नाही अशा माणसासाठी आहे. बोट उलटल्याचा पुरावा आहे, सोबतचे खलाशी साक्ष द्यायला आहेत, तिथे सात वर्षं थांबावंच लागतं असं नाही. मी तिला समितीच्या कार्यालयात घेऊन गेले, तिथून वकील मिळाला. माझं काम तिला एसटीत बसवण्याएवढंच होतं. पण तीन वर्षं तिला एसटीत बसवणारं कोणी मिळालं नव्हतं.

पण स्वयंसेवक म्हणजे स्वयंसेवक. ज्या दिवशी काम दिलं त्या दिवसाचं मानधन. त्यावर घर चालत नाही, आणि योजनेचा तसा दावाही नाही. निवृत्तिवेतन असलेल्या गुरुजींना ते जमतं. माझ्यासारखीला दोन मुलं, नवऱ्याची रिक्षा आणि घराचा हप्ता. मी सकाळी पिग्मी आणि दुपारी स्वयंसेवक असं वर्षभर केलं. मग ठरवलं की हे काम करायचं तर पोटापाण्याचं म्हणूनच करायचं, नाहीतर ते कायम उरलेल्या वेळेतलं राहील. मी तालुक्यातल्या एकेका वकिलांकडे जाऊन विचारलं. सात जणांनी नको सांगितलं, बहुतेकांनी चांगल्या शब्दांत. आठव्यांनी विचारलं, “तुम्हाला काय येतं?” मी म्हटलं, “मला चारशे घरांचे वारस पाठ आहेत.”

यात फुशारकी काही नव्हती. पिग्मीच्या खात्याला नामनिर्देशन लागतं. तेरा वर्षांत मी प्रत्येक घरात वारस कोण, सून कोणत्या गावची, कोण वारला, कोणाचं दुसरं लग्न झालं, हे फॉर्मवर लिहीत आले होते. ऑफिसात पहिल्या आठवड्यात साहेबांनी मला एका वाटपाच्या दाव्याची वंशावळ तपासायला दिली. त्यात 31 नावं होती. मी संध्याकाळी घरी जाऊन माझ्या जुन्या वहीशी ताडून पाहिली आणि सकाळी सांगितलं, “यात मधल्या भावाची पहिली बायको आहे, तिची मुलगी नाही. ती विरारला असते.” साहेबांनी पेन खाली ठेवलं. एक वारस सुटला की आवश्यक पक्षकार जोडला नाही म्हणून दावा अडतो, हे त्यांनी मला त्या दिवशी समजावलं. तोवर दोन वर्षं तो दावा तारखांवर चालला होता.

मंडळी, आपल्या किनाऱ्यावर कायद्याचा मोठा भाग वंशावळ हाच आहे. खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांचा हक्क, गेली 1950 मध्ये. कूळ कायद्याने 1 एप्रिल 1957 ला कसणारा मालक झाला. पण कलम 32 ग प्रमाणे जमिनीची ठरलेली किंमत भरली का, 32 म चं खरेदीचं प्रमाणपत्र घेतलं का, घेतलं तर ते कोणत्या भावाच्या ट्रंकेत आहे, हे प्रश्न आज नातवंडांच्या पिढीत तुमच्या टेबलावर येतात. पक्षकार येतो आणि आजोबांपासून सुरुवात करतो. तुम्ही घड्याळाकडे बघता, कारण अकरा वाजता पुकारा आहे. त्याचं बोलणं अर्धं राहतं, आणि नेमकं उरलेल्या अर्ध्यात ते प्रमाणपत्र असतं.

हे मी दोष द्यायला लिहीत नाही. तुमचा दिवस मी आता आतून बघते. मी ते बोलणं पूर्ण ऐकते. काकांना चहा देते, त्यांच्याबरोबर एक मोठा कागद टेबलावर पसरते आणि नावं लिहीत जाते. मयताची तारीख जिथे आठवत नाही तिथे “त्या वर्षी कोयनेचा भूकंप झाला होता का?” असं विचारते. 1967 चं डिसेंबर पक्कं होतं. मग गाव नमुना सहाचे जुने फेरफार, सहा-क ची वारस नोंद, आठ-अ, सातबारा असं तारखेच्या क्रमाने लावते, पानांवर आकडे घालते, आणि साहेबांच्या हातात दोन पानांचा सारांश देते. निशाणी पाचच्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जाची सुनावणी असली की त्यासाठी लागणारी चार कागदं वर, बाकी खाली. केसचा नंबर टाकून पुढची तारीख मोबाईलवर बघते आणि पक्षकाराला आदल्या दिवशी कळवते, म्हणजे केळशीहून पहाटेची एसटी पकडून आलेला माणूस “आज साहेब रजेवर आहेत” ऐकून परत जात नाही.

सगळ्यात उपयोगी गोष्ट मात्र मला पिग्मीनेच शिकवली. आमच्याकडची माणसं दोनदाच एका ठिकाणी असतात, शिमग्याला आणि गणपतीत. नालासोपाऱ्याचे सहहिस्सेदार वकीलपत्रावर सही करायला मे महिन्यात येणार नाहीत. गौरीच्या आदल्या दिवशी ते ओटीवर पत्ते खेळत बसलेले असतात. मी जुलैपासून यादी करते. कोणाची सही हवी, कोणाचं आधार हवं, कोणाचा मृत्यूचा दाखला मुंबई महापालिकेतून आणायला सांगायचा. गेल्या गणपतीत पाच दिवसांत मी अठरा जणांच्या सह्या घेतल्या. आणि प्रत्येकाला सही करण्याआधी कागद पूर्ण वाचून दाखवला, शेवटच्या ओळीपर्यंत. एका आजोबांनी कंटाळून “कर गो लवकर, आरती व्हायचीय” म्हटलं. मी थांबले, आरती झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आता तुमच्या मनातले प्रश्न. ते मला तोंडावर विचारले गेले आहेत, म्हणून ठाऊक आहेत.

पहिला, ही माणसं दलाल होतील. ही भीती खरी आहे. कोर्टाच्या आवारात पक्षकार ओढणारे तुम्ही बघता आणि मीही बघते. 2023 च्या दुरुस्तीने अशांची यादी लावण्याची तरतूद थेट वकील अधिनियमात आली, ते योग्यच झालं. म्हणून मी ऑफिसात नोकरी धरली त्याच दिवशी स्वयंसेवकाचं ओळखपत्र समितीला परत केलं. कोणी मागितलं नव्हतं. पण मोफत मदतीचं नाव सांगून घरात जायचं आणि बाहेर पडताना आमच्या साहेबांचं कार्ड द्यायचं, हे मला जमलं नसतं. आजही कोणी बाई रस्त्यात भेटून विचारते तेव्हा तिला आधी समितीचा पत्ता आणि 15100 हा मोफत विधी मदतीचा नंबर सांगते. माणूस ठेवताना तुम्ही ही अट घाला. पक्षकार आणण्यावर एक पैसाही द्यायचा नाही, पगार म्हणजे पगार. दलाल टक्केवारीवर जगतो, म्हणून तो दलाल होतो.

दुसरा, कायदा न शिकलेलं माणूस सल्ला देऊन बसेल. हेही घडतं, माझ्याकडून घडलं. दुसऱ्याच महिन्यात एका बाईंना मी धीर द्यायला म्हणून गेले आणि “तुमची बाजू पक्की आहे, निकाल तुमच्याच बाजूने लागणार” असं बोलून गेले. त्यांनी त्या भरवशावर समोरच्यांनी देऊ केलेली तडजोड नाकारली. साहेब माझ्यावर रागावले नाहीत, पण समोर बसवून म्हणाले, “कागदात काय लिहिलंय ते सांगायचं. त्याचं पुढे काय होईल ते मी सांगायचं.” मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. कोर्टात उभं राहणं, सल्ला देणं हा तुमचा अधिकार आहे आणि तो वकील अधिनियमाने तुम्हालाच दिला आहे. आम्हाला त्यात शिरायचं नाही. ज्यांना शिरायचं असेल त्या तीन वर्षांची एलएल.बी. करतील. पदवीनंतर सीईटी देऊन ती चाळिशीतही करता येते, रत्नागिरीत भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय आहे. मला दापोलीहून रोज जाणं-येणं शक्य नाही, म्हणून मी तूर्त इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या पॅरालीगल पदविकेची माहिती काढते आहे.

तिसरा प्रश्न ऑफिसातल्या जुन्या कारकुनांचा. आमच्याकडे एक काका आहेत, तीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढलेले. मी आले तेव्हा त्यांना वाटलं, ही आपली जागा घेणार. सहा महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. नकलेचा अर्ज कसा भरायचा, नाझरकडे काय आणि शिरस्तेदारांकडे काय, समन्सचा भत्ता कधी भरायचा, हे सगळं मी शेवटी त्यांच्याकडूनच शिकले. आता ई-फायलिंगचं मी बघते आणि बाहेरचं ते बघतात. आपल्याकडचं उच्च न्यायालयाचं काम ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेलं, तेव्हापासून दोघांनाही हात कमी पडतात.

आणि पैसे. हा प्रश्न तुम्ही विचारत नाही, मीच काढते. पिग्मीत मला कमिशनचे महिन्याला चौदा हजारांच्या आसपास सुटायचे. इथे सहा हजारांवर सुरुवात केली. घरात कोणी मोठ्याने काही बोललं नाही, पण मोठ्या मुलाने त्या वर्षी क्लास लावला नाही आणि कारण विचारलं तर “गरज नाही” म्हणाला. आज मला अकरा हजार मिळतात. साहेबांनी ते वाढवले, कारण दाव्यांची तयारी वेळेत होऊ लागली. मला ठाऊक आहे की तालुक्याच्या वकिलीत पैसा मुबलक नाही, तुमच्याकडचे ज्युनियरही तुटपुंज्यावर राबतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये ग्रामीण भागातल्या ज्युनियरला निदान 15,000 द्यावेत अशी शिफारस केली, ती किती ठिकाणी पाळली जाते ते तुम्ही जाणता. म्हणून मी आकाशातला आकडा मागत नाही. एका ऑफिसाला झेपत नसेल तर दोघा-तिघांनी मिळून एक माणूस ठेवावं, फक्त ते एकमेकांच्या विरुद्ध बाजूला उभे राहणारे नसावेत. सुरुवात दहा हजारांनी करावी, सहाने नको. सहावर माझ्यासारखी टिकली कारण मागे रिक्षा होती. एकटी बाई टिकणार नाही, आणि या कामाला सगळ्यात लायक अशा मला माहीत असलेल्या बाया एकट्याच आहेत.

त्यातल्या दोघी तुमच्याकडे यायला तयार आहेत. दोघींनी माझ्याजवळ चौकशी केली, दोघींना मी घाई करू नका म्हटलं, तरी त्या विचारत राहिल्या.

एक अंगणवाडी मदतनीस आहे, मुरूडच्या बाजूची, वय 38. बारावी झालेली. तिने मागच्या वर्षी स्वतःच्या वस्तीतल्या सहा बायकांची वारस नोंद एकही खेप फुकट न घालवता करून घेतली, कारण पहिल्या बाईच्या वेळी तिने कोणकोणते कागद लागले ते अंगणवाडीच्या पोषण आहाराच्या रजिस्टरामागे लिहून ठेवलं होतं. तिला टायपिंग येत नाही. तीन महिन्यांत येईल, मी शिकवते आहे.

दुसरी हर्णैची, बोटींचा हिशोब लिहिते. लिलावात कोणी किती बोली लावली, डिझेल किती, बर्फ किती, खलाशांचा वाटा किती, हे ती अंधार पडेपर्यंत पुळणीवर उभी राहून लिहिते आणि रात्री बोटमालकाला पै-पैचा मेळ देते. मराठी युनिकोड टायपिंग येतं, इंग्रजी वाचता येतं. तिचा एकच प्रश्न आहे, की रविवारी सुट्टी मिळेल का, कारण आई अंथरुणाला खिळलेली आहे.

दिवाळीची सुट्टी संपून कोर्ट उघडेल त्या आठवड्यात मी रोज दुपारच्या सुट्टीत बार रूमच्या बाहेरच्या बाकावर असेन, आणि त्या दोघी बुधवारी येतील. त्यांना एखादा जुना दावा वाचायला द्या आणि त्याच्या तारखा काढायला सांगा. दापोलीबाहेरच्यांनी निरोप पाठवला तर त्या मंडणगडला किंवा खेडलाही येतील, पहाटेच्या एसटीने.

आपली नम्र,
वकिलांकडची ताई
दापोली तालुका